टॉप दहा टक्क्यांच्या बारा जागा बाहेर, ॲक्टिव्हिटीजचे रकाने रिकामे. कॉलेजच्या अर्जाचं काय करू?

द्राक्षवेल

नमस्कार. मी सोळा वर्षांचा आहे, डॅलसच्या उत्तरेला एका पब्लिक हायस्कूलमध्ये अकरावीत. कृपया अहो-जाहो करू नका. मोबाइलवरून टाइप करतोय, चुका पोटात घाला.

नववीपर्यंत मी निफाडजवळच्या शाळेत होतो, सेमी-इंग्लिश. मग आईला कंपनीनं इकडे आणलं, एच-१बी (नोकरीचा व्हिसा) वर. मी आणि बहीण एच-४, म्हणजे तिच्यावर अवलंबून असलेल्यांचा व्हिसा. पप्पा तिकडेच आहेत. अडीच एकर द्राक्षबाग आणि आजी, दोन्ही कुणाच्या भरवशावर सोडता येत नाहीत.

गेल्या आठवड्यात काउन्सेलरशी माझी मीटिंग झाली. पंधरा मिनिटं मिळतात. तिच्याकडे चारशेच्या वर मुलं आहेत, त्यामुळे तिचाही इलाज नाही. म्हणाली, स्वतःबद्दल सांग. मी मार्क सांगितले. म्हणाली, ते माझ्यासमोर आहेत, बाकीचं सांग. बाकीचं म्हणजे काय हेच मला कळेना. तेवढ्यात बाहेर पुढची मुलगी येऊन उभी राहिली.

आता अडचणी. आमच्या वर्षाला ६९० मुलं आहेत आणि माझी रँक ८१. टेक्सासमध्ये टॉप दहा टक्क्यांना सरकारी विद्यापीठात थेट प्रवेश आहे (यूटी, म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ टेक्सास, ऑस्टिनला आता पाचच टक्के), म्हणजे ६९ पर्यंत. मी बारा जागांनी बाहेर. इथली मुलं नववीपासून एपी (कॉलेजच्या पातळीचे विषय) घेतात, त्याला जास्तीचे पॉइंट मिळतात. माझी नववी शाळेनं नुसती 'पास' म्हणून धरली, पॉइंट शून्य. एस.ए.टी. (कॉलेज प्रवेशाची परीक्षा) १३९०, ऑगस्टमध्ये परत देणार आहे.

दुसरं, ॲक्टिव्हिटीज. कॉमन ॲपमध्ये (अनेक कॉलेजांसाठीचा एकच ऑनलाइन अर्ज) दहा रकाने असतात. माझे दोन भरतात: मॅथ क्लब (सहा महिने) आणि गणपतीत खुर्च्या लावणे. रोबोटिक्सला नाव घातलं होतं, पण ते शाळा सुटल्यावर सहापर्यंत चालतं. बहीण दुसरीत आहे. तिची बस ३:२५ ला येते आणि थांब्यावर घरचं कुणी नसेल तर ड्रायव्हर तिला परत शाळेत नेतो. आई साडेसहाला येते. तोवर तिचा अभ्यास, कुकर, कपडे, सगळं माझ्याकडे. तक्रार नाही, पण क्लब जमत नाहीत. एक्सेल चांगलं येतं (बागेच्या फवारणीचा आणि खर्चाचा हिशेब आठवीपासून मीच ठेवतो), पण त्याचं सर्टिफिकेट नाही.

तिसरं, निबंध, ६५० शब्दांचा. माझ्या आयुष्यात असं काही घडलेलंच नाही.

पप्पा रोज फोनवर विचारतात, कट-ऑफ किती? कट-ऑफ नसतो म्हटलं तर म्हणतात, मग ठरवतात कसं, चिठ्ठ्या टाकून? मला उत्तर देता येत नाही. आईच्या ऑफिसातल्या एकांनी मुलासाठी कन्सल्टंट लावलाय. आकडा ऐकून आई गप्प बसली, आणि रात्री मला विचारलं, आपणही लावायचा का? तिनं ते ज्या आवाजात विचारलं ना, त्यानंतरच मी इथं लिहायचं ठरवलं.

कॉम्प्युटर किंवा इंजिनिअरिंग करायचंय. किती ठिकाणी अर्ज करू? आणि ते दहा रकाने कशानं भरू?

दोघांची_आई

बाळा, आधी आईला सांग, कन्सल्टंट नको. तो पैसा अर्जांच्या फीला लागेल.

आम्ही ह्यूस्टनला. मोठ्याचं दोन वर्षांपूर्वी झालं, तोही एच-४. पैशाचं आधी लिहिते, कारण आम्हाला ते सगळ्यात शेवटी कळलं. फॅफ्सा नावाचा सरकारी मदतीचा अर्ज असतो, तो नागरिक आणि ग्रीन कार्डवाल्यांसारख्या थोड्या लोकांसाठी. एच-४ ला नाही. खासगी कॉलेजं तुला बहुतेक परदेशी विद्यार्थी म्हणूनच धरतील, आणि परदेशी मुलांच्या बाबतीत फार थोडी कॉलेजं 'हा मदत मागतोय का' हे न बघता निवड करतात. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एम.आय.टी., अॅमहर्स्ट त्यांतली. बाकी ठिकाणी मदत मागितली की ते तुझ्या विरुद्ध जाऊ शकतं. माझ्या मुलाला हे माहीत नव्हतं, सहा खासगी ठिकाणी अर्ज केले. एका ठिकाणी मिळालंही. पत्र आलं त्या रात्री पेढे वाटले आणि दुसऱ्या दिवशी फीचा आकडा उघडून बघितला. पुढचं सांगत नाही.

टेक्सासच्या सरकारी विद्यापीठांत मात्र एच-१बी आणि एच-४ वाल्यांना रहिवासी म्हणून स्थानिक फी लागू शकते. अर्जात रहिवासाचे प्रश्न असतात, ते आईला शेजारी बसवून भर. माझ्या लेकानं घाईत एका प्रश्नाला चुकीची टिक केली, आणि परदेशी फीचं बिल आल्यावर भाडेकरार, टॅक्सचे कागद, व्हिसा असं सगळं घेऊन पळापळ.

अर्ली डिसिजनच्या (एकाच कॉलेजला लवकर अर्ज) वाटेला जाऊ नकोस. ते बंधनकारक असतं: तू, पालक आणि काउन्सेलर तिघं सही करता, आणि मिळालं की बाकीचे अर्ज मागे घ्यायचे. किती पैसे लागणार हे तुलना करून बघण्याआधीच शब्द दिलेला असतो. अर्ली ॲक्शन वेगळं, त्यात लवकर अर्ज असतो पण बंधन नाही, ते बिनधास्त कर.

अजून एक, हे कुणी सांगत नाही. एच-४ एकविसाव्या वर्षी संपतो, म्हणजे तुझ्या कॉलेजच्या मध्येच. मग एफ-१ (विद्यार्थी व्हिसा) करावा लागतो. आणि एच-४ वर असेपर्यंत पगारी इंटर्नशिप नाही. आईच्या कंपनीच्या वकिलाला आत्ताच विचारून ठेवा.

किती अर्ज? आमचे सतरा झाले. प्रत्येकाचे वेगळे छोटे निबंध. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात पोरगा चहावर जगत होता आणि शेवटच्या पाचात त्यानं काय लिहिलं ते मला वाचवत नाही. तू आठाच्या वर जाऊ नकोस.

तिरकाडोळा

पप्पांना सांग, इकडे सीईटीचे पर्सेंटाइल दशांशचिन्हापुढे सात आकड्यांपर्यंत मोजतात, आणि तरी कॅप राउंडला पसंतीक्रम भरताना अख्खं घर ज्योतिषाकडे बसल्यासारखं बसतं. चिठ्ठ्या बऱ्या.

पोरीच्या प्रवेशातून नुकताच उठलोय. बाकी उपयोगाचं काही माहीत नाही, वाचतोय.

वऱ्हाडी_ऑस्टिन

भाऊ, मी यूटी ऑस्टिनला दुसऱ्या वर्षाला आहे. अकोल्याहून दहावीत आलो, म्हणजे तुझीच गाडी. आमच्या वेळी सहा टक्के होते, मी नवव्या टक्क्यात. म्हणजे थेट प्रवेश नाही.

रँकचं आधी डोक्यातून काढ. हा कायदा १९९७ चा. यूटीत टेक्सासच्या मुलांसाठी ज्या जागा असतात त्यांतल्या ७५ टक्के या थेट प्रवेशानं भरतात, उरलेल्या जागांसाठी आपण सगळे रांगेत. गर्दी आहे, खोटं कशाला बोलू. पण लोकांना एक गोष्ट कळत नाही: थेट प्रवेश विद्यापीठात असतो, शाखेत नसतो. माझ्या वर्गातला चौथ्या रँकचा मुलगा यूटीत आला, पण कॉम्प्युटर सायन्स मिळालं नाही. मलाही नाही मिळालं, दुसरी पसंती गणित दिली होती ती मिळाली. म्हणून दुसरी पसंती 'काहीतरी टाकायचं' म्हणून टाकू नको, चार वर्षं करता येईल अशीच टाक.

टेक्सास ए अँड एम विद्यापीठाला दहा टक्के अजून आहेत, आणि त्याबाहेरच्यांचा अर्ज पूर्ण वाचतात. तिथं इंजिनिअरिंगला पहिलं वर्ष सगळ्यांना सारखं, शाखा त्यानंतर मार्कांवर. म्हणजे तुझ्या पप्पांना हवी ती मेरिट लिस्ट एक वर्ष उशिरा लागते. आणि यूटी डॅलस तुझ्या घरापासून गाडीनं जाण्यासारखं आहे. त्याला नाक मुरडू नको, मेरिट स्कॉलरशिप देतात आणि राहण्याखाण्याचा खर्च वाचतो. यूटी ऑस्टिनला एस.ए.टी. परत सक्तीची झाली आहे, तेव्हा ऑगस्टची परीक्षा मनावर घे.

आता ते दहा रकाने. कॉमन ॲपमध्ये ॲक्टिव्हिटीचा प्रकार निवडायची यादी उघडून बघितलीस का कधी? त्यात 'फॅमिली रिस्पॉन्सिबिलिटीज' असा चक्क वेगळा प्रकार आहे. तू रोज तीन तास पोरगी सांभाळतोस, स्वयंपाक करतोस, आणि म्हणतोस रकाना रिकामा! गणपतीच्या खुर्च्या पाचव्या नंबरला टाक, हे पहिल्या नंबरला.

आणि ती एक्सेलची ओळ तू कंसात का लिहिलीस बे?

द्राक्षवेल

काकू, आईला तुमचं सगळं वाचून दाखवलं. ती वकिलाला मेल करणार आहे. बिलाचं ऐकून तिनं भाडेकराराची फाइल कपाटातून काढून टेबलावर ठेवली. दादा, यादी बघितली. खरंच आहे. मला वाटायचं ॲक्टिव्हिटी म्हणजे टी-शर्ट मिळतो ते.

पण बागेचं काय लिहू? त्यात सांगण्यासारखं काही नाही. तारीख, औषध, किती लिटर, पाऊस, मजुरी, व्यापाऱ्यानं दिलेला भाव. पप्पा रात्री व्हॉट्सॲपवर आवाज पाठवतात, मी सकाळी शाळेआधी भरतो.

एकदाच गंमत झाली, म्हणजे गंमत नाही. दहावीत होतो. ऑक्टोबर छाटणी झालेली, बाग फुलोऱ्यात. पप्पा म्हणाले ढग आलेत, उद्या डावणीची (द्राक्षावरचा बुरशीचा रोग) फवारणी घेतो. मी इथं बसून तीन ॲप बघितली आणि सांगितलं, पाऊस नाही, थांबा, फवारणीचे पैसे वाचतील. ते थांबले. दोन दिवसांनी पहाटे पाऊस झाला. ओढ्याकडच्या सहा ओळींमधले घड गेले. पप्पा मला काही बोलले नाहीत. त्या रात्रीही नेहमीसारखाच आवाज पाठवला, तारीख, औषध, लिटर. मी शीटमध्ये एक कॉलम वाढवला: 'मी काय म्हणालो होतो'. तो अजून आहे. त्यात आत्तापर्यंत माझं अकरा वेळा बरोबर आणि सात वेळा चूक आहे.

हे काय निबंधात लिहायचं? यात मी चुकलो आहे.

जुनावाचक

मी तीन हंगाम एका सरकारी विद्यापीठात अर्ज वाचायचं काम केलं. आता करत नाही, म्हणून मोकळेपणानं लिहितो.

एका बसणीत मी चाळीस-पन्नास अर्ज वाचायचो. त्यांत निम्म्या मुलांनी संस्था स्थापन केलेली असायची. नंतर नंतर 'संस्थापक' शब्द दिसला की डोळे आपोआप पुढच्या ओळीवर जायचे. 'मी काय म्हणालो होतो' असा कॉलम मी एकदाही वाचला नाही. वाचला असता तर खुर्चीत सरळ बसलो असतो.

तू लिही, पण दोन गोष्टी सांभाळ. गरीब घर, परदेश, कष्टाळू बाप, असा सूर लावू नकोस. तो सूर इतक्या अर्जांत असतो की खरा असला तरी ऐकू येत नाही. आणि शेवटी 'यातून मी नम्रता शिकलो' हे वाक्य तर मुळीच नको. सहा ओळी गेल्या, कॉलम वाढवला, पुढच्या वेळी काय वेगळं केलं, एवढं नीट सांगितलंस तर नम्रता आम्हाला दिसते. त्या सात चुकांमध्ये काही सारखेपणा आहे का ते शोध. तिन्ही ॲप चुकली की तू बघायची चुकीची गोष्ट निवडत होतास? तिथंच तुझा निबंध आहे, आणि तुला कॉम्प्युटर का करायचंय याचंही उत्तर बहुतेक तिथंच निघेल.

नववीच्या मार्कांबद्दल. गुणपत्रिका आहे तशी दे, टक्क्यांचं जीपीए (इथली गुणांची सरासरी) स्वतः करत बसू नकोस. वाचणाऱ्यासमोर तुझ्या शाळेचं एक माहितीपत्रक असतं: किती मुलं, कोणते एपी, रँक कशी काढतात. तू उशिरा आलास आणि आधीच्या वर्षाला पॉइंट मिळाले नाहीत, हे 'ॲडिशनल इन्फर्मेशन'मध्ये दोन-तीन कोरड्या ओळींत लिही. कोरड्या म्हणजे खरंच कोरड्या. आणि काउन्सेलरलाही तेच सांग, म्हणजे तिच्या शिफारसपत्रात येईल. तुझ्या तोंडून ते सबब वाटू शकतं, तिच्या पत्रात ती नुसती माहिती असते.

शिक्षकांची पत्रं मे महिन्यातच, शाळा सुटायच्या आत माग. सप्टेंबरमध्ये प्रत्येक शिक्षकाच्या दाराशी वीस मुलं असतात. ज्या विषयात तुला शंभर मिळतात त्यापेक्षा ज्या वर्गात तू प्रश्न विचारतोस तिथले शिक्षक निवड. पत्र वाचायचा हक्क सोडतोस का असा प्रश्न येईल, तिथं 'सोडतो' म्हण.

वऱ्हाडी_ऑस्टिन

काउन्सेलर 'ब्रॅग शीट' (स्वतःबद्दल लिहायचा फॉर्म) भरायला देईल. नावच टिमकी वाजवायचं आहे, आपल्याला ते जमत नाही. मी माझी कोरी दिली होती, तिनं परत पाठवली. तू तुझ्या बागेच्या एक्सेल शीटचा स्क्रीनशॉट जोडून दे. पंधरा मिनिटांत जे बोलता आलं नाही ते तिला आपोआप कळेल.

आणि एका रकान्याच्या वर्णनाला १५० अक्षरं मिळतात. शब्द नव्हे, अक्षरं, स्पेस धरून. आत्तापासून लिहून बघ, घाम फुटतो.

दोघांची_आई

कॉमन ॲपवर खातं आजच उघडलंस तरी चालतं, ते पुढच्या वर्षात नेता येतं. नवीन अर्ज १ ऑगस्टला सुरू होतात. ऑगस्टमध्ये शाळा सुरू व्हायच्या आत मोठा निबंध हातावेगळा कर. बहिणीला सुट्टीत दिवसभर सांभाळणार तूच असशील ना? मग रोज सकाळी ती झोपलेली असताना एक तास. आमच्या धाकटीचं आता तसंच चाललंय.

आणि हो, आठ म्हटलं होतं त्यातले निदान तीन असे हवेत की जिथं तू जवळजवळ नक्की लागशील आणि तिथं जायला तुला वाईट वाटणार नाही. वाईट वाटणारच असेल तर ती जागा यादीत भरून उपयोग नाही.

द्राक्षवेल

सगळ्यांना धन्यवाद. चार दिवस लागले, बहिणीला ताप होता.

यादी सहावर आली आहे: यूटी डॅलस, ए अँड एम, यूटी ऑस्टिन (दुसरी पसंती अजून ठरत नाही), ह्यूस्टन, आर्लिंग्टन, आणि एक एम.आय.टी., ते आईसाठी. ती म्हणाली एक नवसाचं असू दे.

सात चुका काढून बघितल्या. सातांपैकी पाच वेळा मी निफाड टाकून हवामान बघितलं होतं, आणि ॲप निफाड शहराचाच अंदाज देत होतं. बाग तिथून बऱ्याच अंतरावर, ओढ्याच्या खोलगटात आहे. तिकडे सकाळी दव जास्त राहतं. पप्पांना हे माहीत होतं. मी विचारलं, मग तेव्हा बोलला का नाहीत? म्हणाले, तू तीन-तीन ॲप बघून सांगत होतास, मला वाटलं तुला जास्त कळत असेल.

हे ऐकून मी थोडा वेळ फोन म्यूट केला.

काउन्सेलरला स्क्रीनशॉट मेल केला. तिनं उत्तरात विचारलं, डावणी म्हणजे काय. मी चार ओळी लिहिल्या तर म्हणाली, सोमवारी ये, या वेळी अर्धा तास.

आता अडलंय ते १५० अक्षरांपाशी. प्रत्येक ॲक्टिव्हिटीला आठवड्याला किती तास आणि वर्षाला किती आठवडे तेही भरायचंय. बहिणीचं सोपं आहे. बागेचं पप्पांना विचारलं, वर्षाला किती आठवडे धरू? ते म्हणाले, एप्रिल छाटणीपासून मोजू का ऑक्टोबर छाटणीपासून? अर्धा तास आम्ही दोघं तेच मोजत बसलो. शेवटी शीटमधल्या नोंदींच्या तारखाच मोजल्या, ४४ आठवडे आले.

पण प्रकार कुठला निवडू? 'फॅमिली रिस्पॉन्सिबिलिटीज'मध्ये बहीण आधीच आहे. यादीत 'वर्क, पेड' पण आहे. पप्पा म्हणाले, मग तेच टाक, मी तुला महिन्याला पाचशे रुपये पगार लावतो, मागच्या तीन वर्षांचाही देतो. मी सांगितलं, पप्पा, एच-४ वर पगार चालत नाही. तर म्हणाले, बरं झालं, यंदा भावही पडलाय.

जुनावाचक काका, दोन्ही एकाच प्रकारात टाकले तर चालतात का?